भैय्याजी म्हणे

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीचा आठवडा आला, की प्रफुल्ल थूलच्या बोटांना गुलाबाच्या अत्तराचा वास यायला लागायचा आणि त्याचं जेवणावरचं मन उडायचं. कपड्यांच्या साबणानं हात घासा, राखेनं घासा, लिंबू चोळा, वास जायचा नाही. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की आधी अत्तर, मग भाकरी. बायको, नंदिनी, म्हणायची, "अत्तराच्या वासानं कोनाले मळमळते का?" तिला काय सांगणार? मळमळ अत्तराची नव्हतीच. अत्तर ज्या कागदांवर शिंपडलेलं असायचं त्या कागदांची होती.

ते कागद म्हणजे भैय्याजींची दिवाळी भेट.

बोरगाव मेघेच्या पुढे एक कॉलेज आहे. त्याच्या संस्थेचे अध्यक्ष ते भैय्याजी. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. प्रफुल्ल तिथे लिपिक. मणी ओवल्यासारखी एका ओळीत बसणारी अक्षरं त्याच्या हातात होती. प्रमाणपत्रांवर नावं घालायची तर प्रफुल्ल, पाहुण्यांसाठी फळ्यावर सुविचार लिहायचा तर प्रफुल्ल, कुणी वारलं तर श्रद्धांजलीचा बोर्डही प्रफुल्लच. कॉम्प्युटर आले, छापखाने आले, तरी त्याच्या अक्षराला कॉलेजात भाव होता आणि त्या भावावर त्याचा जीव होता. माणसाकडे मिरवण्यासारखं एकच काही असलं की तो त्याच्या बाबतीत जरा वेडाच असतो.

पूर्वी भैय्याजी दिवाळीला स्टीलचा डबा आणि त्यात सोनपापडी द्यायचे. डबा कामाचा असायचा. लोक निमूट घ्यायचे आणि निमूट घरी जायचे. मग भैय्याजी नागपूरला कुठल्याशा शिबिराला गेले. तिथे कुणी महाराज म्हणाले, बाजारातलं काय देता, स्वतःतलं काही द्या. भैय्याजींनी स्वतःत शोधलं असावं आणि काही सापडलं नसावं, कारण परत आल्या आल्या त्यांनी प्रफुल्लला बोलावलं.

"प्रफुल्ल, यंदा डब्बे बंद. यंदा एकेकाले हातानं लिहून कविता देऊ. एकदम दिल से. प्रत्येकाची अलग."

"कोन लिहीन, भैय्याजी?"

"मीच लिहीन ना बे. म्हणजे लिहजो तू. भाव माहा, अक्षर तुहं."

भाव काही आला नाही. आला तो जाड पिवळसर कागदांचा गठ्ठा आणि अत्तराची कुपी. शब्द प्रफुल्लचे, यमक प्रफुल्लचं, शाई प्रफुल्लची. भैय्याजींची फक्त खाली हिरव्या पेनानं सही. तीसुद्धा फोनवर बोलता बोलता. एकदा तर कागद उलटा होता, तरी सही झाली. प्रफुल्लनं तो पुन्हा लिहून काढला.

खोटं कशाला बोलायचं, पहिल्या वर्षी त्याला मजा आली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे कविता मागत होतं. आणि कविता त्याच्या घरातलीच होती. त्याचा बाप तानबा केळझरजवळच्या खेड्यात जिनिंगमध्ये रुईचे बोजे उचलायचा आणि संध्याकाळी भजन मंडळात ढोलकीवर बसायचा. शाळा चौथीपर्यंतच झालेली. गावात कुणाचं लग्न असो, नामकरण असो, नवीन घर असो, तानबा गाणं बांधायचा. चौदा एप्रिलला तर वस्तीतल्या एकेका घरासाठी वेगळं. ते गेल्या सालच्या कॅलेंडरच्या पाठीवर जांभळ्या पेन्सिलीनं लिहायचा, दारात उभं राहून म्हणून दाखवायचा आणि कागद घरधन्याच्या हातात द्यायचा. हाच त्याचा आहेर. काही लोक मागून हसायचे, तानबाचा आहेर ना भांड्यात मावत ना गाठोड्यात. पण तो आला नाही तर दार वाजायची वाट तेच पाहायचे.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बांधणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, ही मंडळातली रीत. तानबाच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'तानबा म्हणे' यायचंच. जमीन नव्हती, सातबारा नव्हता. नाव लिहायला तेवढीच जागा होती. ते कागद पुढे वाळवीनं खाल्ले, पावसानं नेले, पोरांनी होड्या केल्या. तानबाही गेला.

प्रफुल्लच्या हाताला हीच सवय. भैय्याजींसाठी पहिली कविता लिहिली, शेवटच्या ओळीशी आला आणि लिहून गेला, 'भैय्याजी म्हणे'. भैय्याजी ते वाचून खुर्चीतच उसळले. "वा बे! हे भारी हाये. हे सगळ्याईत टाक." सांगायचं एवढंच की ती जागा भैय्याजींनी हिसकावून घेतली नव्हती. ती प्रफुल्लनं आपल्या हातानं त्यांच्या पुढ्यात ठेवली होती, वर अत्तर शिंपडून.

किळस सुरू झाली ती दुसऱ्या वर्षी, कौशल्याबाईपासून. कौशल्याबाई कॉलेजात झाडलोट करायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या. नवरा अर्धांगानं खाटेवर पडलेला, आणि ते दुःख त्या कुणाला सांगायच्या नाहीत. प्रफुल्लच्या टेबलाशी जिन्याखाली चहा पिताना एकदा बोलून गेल्या होत्या, की त्याला कुशीवर वळवताना मी बोलत राहते, नाहीतर तो रडतो. प्रफुल्लनं ते कवितेत घातलं. चांगली ओळ होती म्हणून घातलं, दुसरं काय.

*कौशल्यामाय, तुझ्या आधी उगवत नाही सूर्य इथे,*
*तुझ्या पावलांच्या मागं मागं उजेड येतो जिथे तिथे.*
*खाटेवरल्या माणसाशी बोलत तू रात काढते,*
*भैय्याजी म्हणे, तुझ्या कष्टाचं तोरण दारी चढते.*

बाईंना वाचता येत नव्हतं. कागद घेऊन त्या प्रफुल्लकडेच आल्या. त्यानं वाचून दाखवलं. बाईंनी कागद डोळ्यांना लावला. "पाय बापू, एवढा मोठा मानूस, अन् त्याले माह्या घरच्या खाटेचं मालूम हाये! कोनं सांगतलं असन त्याले?"

प्रफुल्ल म्हणाला, "असन कोनीतरी."

त्याच दुपारी भैय्याजी जिन्यावरून उतरत होते. कौशल्याबाई हात जोडून उभ्या राहिल्या. भैय्याजी पुढे गेले, मागे वळले आणि प्रफुल्लला हळूच विचारलं, "ही कोन बे? नवी हाये का?"

त्या दिवसापासून प्रफुल्लला कागदांची शिसारी बसली. कागदांची म्हणायचं, पण खरं तर स्वतःची. लोक त्याच्याजवळ मोकळेपणानं बोलायचे, कारण तो लिपिक होता, साहेब नव्हता. एकाच्या पोराचं लग्न मोडलेलं, एकीची सासू घर सोडून गेलेली, एकाला रिटायर होण्याची धास्ती. हे सगळं तो दिवाळीला भैय्याजींच्या नावानं लोकांच्या ओंजळीत परत टाकायचा आणि लोक त्याच भैय्याजींच्या पाया पडायचे. चोर तरी उचललेलं आपल्याच घरी नेतो.

मग नाही का म्हणायचं नाही? म्हणता आलं असतं. भैय्याजींना नाही म्हणणाऱ्याला संस्थेच्या दूर कारंजा गावाकडच्या आश्रमशाळेत बदलीची जागा रिकामी मिळते, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रफुल्लच्या घरी म्हातारी आई, तिचे गुडघे गेलेले. पोरगी आचल सावंगीला नर्सिंगला. नंदिनीची शिलाईची गिऱ्हाइकं सगळी बोरगावातली. कारण खरं होतं. खऱ्या कारणाच्या आड लपायला माणसाला फार बरं वाटतं.

यंदा भैय्याजींनी आणखी दोन गोष्टी काढल्या. एक म्हणजे पुस्तक. दिवाळी झाली की सगळ्या कवितांचं पुस्तक छापायचं, छापील टाईपात नाही तर हस्ताक्षरात. "माह्या हस्ताक्षरात," भैय्याजी म्हणाले आणि प्रफुल्लच्या हातांकडे बघून हसले. दुसरं म्हणजे सुट्टीच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये कार्यक्रम, सगळ्यांनी घरच्या माणसांसह यायचं, कविता स्टेजवर वाचून द्यायच्या.

"अन् तुहीपन एक लिहून घेजो," भैय्याजी म्हणाले.

"माही?"

"आजवर तू घरचाच म्हनून नाई दिली. यंदा सगळ्याईच्या बायकापोरी येऊन राह्यल्या. तुलेच नाई भेटली तं बरं नाई दिसत. तूच लिहून घे. तुले तुह्यावानी कोन ओळखते?"

आणि भैय्याजी आपल्याच विनोदावर पोट हलवून हसले.

बाकीचे कागद झाले. शेवटी एक उरला. ऑफिस सुटलं होतं, शिपाई कुलपं लावत फिरत होता. प्रफुल्ल कागदासमोर बसला. दुसऱ्याच्या तोंडानं आपलीच पाठ थोपटायची. 'प्रफुल्ल, तुझी निष्ठा' असं लिहिलं आणि खोडलं. 'प्रफुल्ल, तुझे हात' लिहिलं, तेही खोडलं. त्यानं खिडकी उघडली. तरी अत्तराचा वास गेला नाही. कसंही करून हा कागद संपवायचा आणि घरी जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पेन टेकवलं, आणि आपोआप हातातून उतरलं ते बापाचं गाणं.

प्रफुल्लच्या नामकरणाला तानबानं बांधलेलं. आई आजही भाकरी थापताना गुणगुणायची ते.

*बोंड फुटलं वावरात, उजेड पडला घरात,*
*लहानसा पाव्हणा उभा माह्या मोडक्या दारात.*
*सोनं नाई, नाणं नाई, देऊ काय तुले?*
*चार ओळी गुंफल्या बाळा, तेच तुहे झुले.*
*तानबा म्हणे, लेका, मान ठेव वर,*
*दुसऱ्याच्या सावलीत बांधू नको घर.*

कुणाला ठाऊक आहे हे? आई घरी बसलेली. कॉलेजात कुणाच्या कानावर गेलेलं नाही. 'मोडक्या दारात'चं त्यानं 'संस्थेच्या दारात' केलं, लहानशा पाहुण्याच्या जागी आपलं नाव घातलं, आणि 'तानबा'च्या जागी 'भैय्याजी'. पेन जराही अडखळलं नाही. एवढ्या वर्षांचा सराव होता.

सकाळी भैय्याजींनी सही करताना हा एकच कागद नीट वाचला.

"हे मस्त झालं बे! पन शेवट काऊन असा? दुसऱ्याच्या सावलीत बांधू नको? दुसरा कोन, मीच ना? लोकं काय म्हनतीन, भैय्याजी आपल्याच मानसाले हाकलून राह्यला?" त्यांनी पेन हवेत फिरवलं. "असं कर. 'माझ्याच रे सावलीत बांध तुझं घर.' बसते ना?"

बसत होतं. मात्रा अगदी चपखल बसत होत्या. प्रफुल्लनं नवीन कागद घेतला आणि बापाची ओळ उलटी करून सुंदर अक्षरात लिहून दिली.

आईला न्यायचं नाही, हे त्यानं ठरवलंच होतं. पण 'सहकुटुंब यावे' हा निरोप ग्रुपवर आला, तो आचलनं पाहिला आणि आजीला वाचून दाखवला. मीराबाई, म्हणजे प्रफुल्लची आई, लगेच पेटीतली पांढरी साडी काढून बसल्या.

"माय, तुहे गुडघे..." प्रफुल्ल म्हणाला.

"गुडघे माहे हायेत. मी पाहून घेईन. साहेबानं माह्या लेकावर गानं बांधलं अन् मी नाई येऊ?"

हॉल भरला होता. स्टेजवर भैय्याजींचा भलामोठा फोटो, फोटोखाली खरे भैय्याजी. एकेकाचं नाव पुकारलं जाई, भैय्याजी दोन ओळी वाचत, कागद चौकटीत घालून देत, फोटो निघे. लोक वाकत. कौशल्याबाईही वाकल्या. नवरा उन्हाळ्यात गेला होता. प्रफुल्लनं त्यावरही यंदा दोन ओळी लिहिल्या होत्या. मागच्या भिंतीला टेकून तो हे बघत होता आणि त्याला वाटत होतं, आपण एकाच ताटातलं उष्टं सगळ्यांना वाढतोय आणि सगळे बोटं चाटतायत.

शेवटी त्याचं नाव आलं. आई दुसऱ्या रांगेत, आचल आणि नंदिनीच्या मध्ये बसली होती. भैय्याजींनी चष्मा लावला. ही कविता मी पूर्ण वाचणार, म्हणाले. ही माझ्या काळजाच्या जवळची आहे, म्हणाले. आणि सूर लावला.

"बोंड फुटलं वावरात, उजेड पडला घरात..."

मीराबाईंची मान वर झाली. ओठ हलायला लागले. आधी नुसतेच, मग आवाजासकट. मुद्दाम नाही. ज्या बाईनं एक गाणं जन्मभर चुलीपाशी म्हटलं, तिला ते मध्येच थांबवता येत नाही. भैय्याजी शेवटच्या कडव्यावर आले. "भैय्याजी म्हणे..." त्यांनी म्हटलं आणि टाळ्यांसाठी थोडं थांबले. त्या थांबलेल्या जागेत मीराबाईंचा बारीक, कापरा पण सुरात असलेला आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"तानबा म्हणे, लेका, मान ठेव वर, दुसऱ्याच्या सावलीत बांधू नको घर."

लोक माना वळवून बघायला लागले.  भैय्याजी क्षणभर बघत राहिले. आणि मग हसले. मोठ्यानं, दोन्ही हात पसरून.

"पाहा, पाहा! याले म्हनतात कविता. आत्ता वाचली, अन् मायच्या तोंडात बसलीपन! शब्द थोडे इकडचे तिकडे झाले. वय हाये, चालतेच. वाजवा टाळ्या मायसाठी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैय्याजींनी आपली ओळ वाचून घेतली, 'माझ्याच रे सावलीत बांध तुझं घर', आणि पुन्हा टाळ्या झाल्या. "ये प्रफुल्ल, वर ये. हीच कविता पुस्तकाच्या पहिल्या पानावर जानार, हे मी आत्ताच जाहीर करतो. सांग, माय काय म्हनते तुही?" आणि माईक त्याच्या तोंडासमोर धरला.

प्रफुल्लनं खाली पाहिलं. आई त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. ती नुसती थांबली होती, की आता हा सांगेल. माझा लेक आहे, अक्षरवाला आहे, माईक हातात आहे, आता सांगेल गाणं कुणाचं. एका शब्दाचं काम होतं.

"आईले..." प्रफुल्ल म्हणाला. "आईले लय आनंद झाला, भैय्याजी."

टाळ्या वाजल्या. भैय्याजींनी चौकट त्याच्या हातात दिली आणि खांद्यावर हात टाकला. त्या हातालाही गुलाबाचा वास होता. फोटो निघाला. त्या फोटोत प्रफुल्ल हसतो आहे, आणि इतकं ओंगळ हसू त्यानं स्वतःच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

 घरी येऊन आईनं पाय धुतले, पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली. घरात लक्ष्मीपूजन नसलं तरी सुट्टी होती, चिवडा होता, शेजारच्यांच्या दाराशी दिवे होते. नंदिनीनं चिवडा पुढे ठेवला. आईनं ताटली बाजूला सारली. शिव्या दिल्या असत्या तर प्रफुल्लला बरं वाटलं असतं. तो चौकट कुठे लपवावी या विचारात ती हातात धरून उभा होता.

"माय," तो म्हणाला, "बाबाचं गानं मी लिहून ठेवतो. चांगल्या कागदावर, चांगल्या शाईनं. बाबाचं नाव घालून. आत्ताच लिहितो."

मीराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू नोको लिहू. तुह्या हाताचा भरोसा नाई राह्यला मले."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. प्रफुल्लचे हात चौकटीसकट खाली आले.

"आचल, तू लिह्य," आई म्हणाली.

आचलचं अक्षर म्हणजे घरातली थट्टेची गोष्ट होती. मोबाईलवर बोटं चालवून चालवून पोरीचा हात पार बिघडलेला. एक अक्षर डोंगरावर तर दुसरं नाल्यात. तिच्या कॉलेजच्या वह्या बघून प्रफुल्ल दरवेळी कपाळावर हात मारायचा. तिनं वहीचं पान फाडलं आणि आजीसमोर मांडी घालून बसली. आजी एकेक ओळ म्हणायची, थांबायची, पोरगी लिहायची.  

"आजी, माह्या बाबाचं नाव कुठं टाकू?" आचलनं विचारलं. "तिकडल्या कागदात होतं."

"त्याचं नाव हायेच त्यात. 'लेका' म्हनते ना आजा तुहा? तो लेक हाच." आईनं हनुवटीनं प्रफुल्लकडे दाखवलं. "झालं का? तानबा म्हणे, लिहिलं ना? वाचून दाखव."

आचलनं वाचून दाखवलं.

"हां. आता ज्याचं हाये त्याले दे."

आचलनं कागद बापापुढे धरला. प्रफुल्लनं घेतला. फाटकी कड, वाकड्या ओळी, 'सावलीत'मधला काना पुसट. कागदाला कसलाच वास नव्हता. तो कागद नाकाशी नेऊन त्यानं दोनदा खात्री केली, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला.

सुट्टीतच भैय्याजींचा फोन आला. पुस्तकाचा छापखाना तयार होता. बंगल्यावर ये, सगळ्या कविता एकसारख्या पांढऱ्या कागदांवर परत लिहायच्या, त्याचे फोटो काढून छापायचे. प्रफुल्ल गेला. चपला दारात काढल्या. टेबलावर कोरे कागद, नवं पेन, बाजूला अनारशांची ताटली. भैय्याजी खुशीत होते.

"बस. पहिलं पान आधी लिही. तुह्यावालंच. कुठं हाये ती चौकट?"

"ते छापाचं नाई, भैय्याजी."

"काऊन?"

प्रफुल्लनं खिशातून आचलचा कागद काढून टेबलावर ठेवला. भैय्याजींनी तो दोन बोटांत धरला. "कोनाचं अक्षर हे? वाचताबी येत नाई." मग वाचलं. ओठ हलवत, शेवटपर्यंत. "हे तानबा कोन?"

"माहा बाप. गानं त्याचं हाये. मी चोरून तुमच्या नावावर टाकलं."

भैय्याजी चपापले नाहीत. त्यांनी अनारशाचा तुकडा मोडला.

"हयात हाये का तो?"

"नाई."

"मंग त्याले काय फरक पडते बे? तुह्या समाधानासाठी खाली बारीक अक्षरात टाकू, 'एका जुन्या लोकगीतावरून'. झालं?"

"लोकगीत नाई ते. त्याले नाव हाये."

भैय्याजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. आजवर ज्या टेबलावरून फक्त हो यायचं तिथून काहीतरी वेगळं आलं होतं. पण सणाचे दिवस होते, बाहेर बैठकीत पाहुणे होते. त्यांनी हात झटकले.

"ठीक हाये. नोको तं नोको. काढून टाक ते पान. त्याच्या जागी दुसरी लिहून दे, आत्ताच. मस्त. तुले काय, पाच मिनिटाचं काम." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपण स्वतः काढलं आणि पेन प्रफुल्लच्या हातात दिलं. "अन् मंग बाकीच्याई लिहून काढ. बस."

कागदावर आधीच अत्तर शिंपडलेलं होतं. प्रफुल्ल बसला नाही. पेन हातात धरून उभा राहिला. कौशल्याबाईंची खाट, मोडलेलं लग्न, घर सोडून गेलेली सासू, सगळं याच पेनातून परत एकदा बाहेर यायचं होतं, आणि मग ते छापून गावभर.

"जमनार नाई, भैय्याजी."

"काऊन? हाताले काय झालं?"

"माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला."

भैय्याजींचं हसू पहिल्यांदाच तोंडावरून उतरलं. "कारंज्याले जागा खाली हाये, मालूम हाये ना तुले?" ते हळू आवाजात म्हणाले.

"मालूम हाये."

प्रफुल्लनं पेनाला टोपण लावलं, ते कोऱ्या कागदावर ठेवलं, आचलचा कागद उचलून घडी घातली आणि चपला घालायला दाराकडे गेला.